फ्रिजला ताप आलाय!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये ठरलेला प्रश्न असतो, "वीकेण्डला काय केलंस?" कुणी मॉलमध्ये गेलेलं असतं, कुणी माथेरानला, कुणी सासरी. मी सलग पाच सोमवार एकच उत्तर दिलं. "फ्रिजच्या मागे बसले होते." सहाव्या सोमवारी विचारणं बंद झालं.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. आम्ही कामोठ्याला राहतो. वन बीएचके, मानसरोवर स्टेशनपासून शेअर रिक्षाने पाच मिनिटं. मी ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढायचा पगार घेते. आणि गेल्या वर्षभरापासून आमच्याकडे एक चालतंफिरतं घर आहे. हो, मोटरहोम! टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात दोन बेड, एक ओटा, बेसिन, छताला एक्झॉस्ट फॅन आणि मागच्या कोपऱ्यात शंभरेक लिटरचा फ्रिज.

आयडिया दादाची, म्हणजे माझ्या मावसभावाची. 2021 साली सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हापासून त्याच्या डोक्यात हा किडा होता. नवीन गाडी परवडणं शक्यच नव्हतं. शेवटी एक सेकंडहॅण्ड सापडली, आरसीवर रीतसर 'मोटर कॅराव्हॅन' अशी नोंद असलेली. (हे आधी बघा हं. साधी प्रवासी गाडी घेऊन आत सुताराकडून बेड ठोकून घेतलेत तर आरटीओत जन्म जाईल.) त्याची सेव्हिंग्ज, माझे दोन बोनस आणि उरलेलं लोन. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ही रुग्णवाहिका कुणाची?"

पण मी पैसे घातले ते दादाच्या किड्यासाठी नाही. बाबांसाठी.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी पनवेल डेपोत. दापोलीला त्यांनी किती फेऱ्या मारल्या असतील त्याचा हिशोब नाही. एकदा मी सहज विचारलं, "बाबा, हर्णैचा समुद्र कसाय हो?" तर म्हणाले, "मला काय ठाऊक? मी दापोली बघितली ती स्टॅण्डपुरती. गाडी लावायची, चहा घ्यायचा, विश्रांतीगृहात आडवं व्हायचं, पहाटे परत." माणूस शेकडो वेळा समुद्राच्या जवळ जाऊन आला आणि समुद्र बघायचा राहिला! त्यात रिटायर झाल्यावर डायबिटीस वाढला आणि इन्सुलिन सुरू झालं. मग तर बाबांनी घराबाहेर रात्र काढणंच सोडलं. "ते औषध गार ठेवावं लागतं, लोकांच्या घरी कुठे त्यांचा फ्रिज उघडत बसू?" असं त्यांचं म्हणणं.

म्हणून फ्रिजवालं घर. स्वतःचा फ्रिज, स्वतःचा बेड, आणि ड्रायव्हिंग सीटवर दुसराच कुणीतरी. एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटे आम्ही चौघं दापोलीला निघालो. पुढे दादा आणि बाबा, मध्ये मी लॅपटॉप घेऊन, मागे फ्रिजला लागून असलेल्या सीटवर आई.

पेणपर्यंत पिकनिक होती. माणगाव येईस्तोवर आईचं डोकं चढलं. मंडणगडच्या वळणांवर तिला उलटी झाली. "पित्त झालंय, पहाटे चहा घ्यायला नको होता," तिने स्वतःच निदान केलं. माझंही डोकं जड झालं होतं, पण माझं डोकं लॅपटॉपमुळे कायमच जड असतं. गाडीत उकडत होतं म्हणून मी छताचा एक्झॉस्ट फॅन फुल्ल केला. दापोलीला पोचल्यावर फ्रिज उघडला तर आतून कोमट वाफ आली. दूध फाटलेलं. बटर पातळ. आतल्या थर्मामीटरवर 29. आणि दरवाज्याच्या कप्प्यात बाबांच्या इन्सुलिनच्या दोन कोऱ्या व्हायल.

फोन केल्यावर डॉक्टरांनी फंडा समजावला. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं. उघडून वापरात असलेलं खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकतं, त्यामुळे काही तासांत आभाळ कोसळत नाही. पण त्या कोपऱ्यात मधल्या काळात तापमान कुठपर्यंत गेलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि खराब झालेलं इन्सुलिन दिसायला अगदी चांगल्यासारखंच दिसू शकतं. "रिस्क नको, नवीन घ्या. आणि बर्फात थेट ठेवू नका, गोठलं तर ते वायाच जातं." आम्ही दापोलीत मेडिकलवाल्याकडून नवीन व्हायल घेतली. आईला लॉजवर झोपवलं, तासाभरात तिचं डोकं उतरलं. बाबा मात्र गप्प झाले. सकाळी म्हणाले, "चला परत. मी घरीच बरा."

हर्णै तिथून अर्ध्या तासावर होतं. आम्ही गेलो नाही. बाबांनी स्टॅण्डसमोर चहा घेतला, आणि आम्ही परतीला लागलो. परतीच्या वाटेवर आईचं डोकं पुन्हा दुखलं.

मग सुरू झाले माझे ते पाच वीकेण्ड.

पहिला फ्रिजवाला आला, दार उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "गॅस कम है मॅडम, भरना पडेगा." मी फ्रिजच्या मागचं स्टिकर वाचलं, आर-600ए. म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या शेगडीच्या गॅसचा जवळचा नातेवाईक, पेट घेणारा. बंद गाडीत टॉर्च पेटवून हा मनुष्य ते भरणार होता! त्याला चहा देऊन पाठवलं. दुसरा म्हणाला कॉम्प्रेसर गेला. तिसरा इन्व्हर्टरवर घसरला, वायर बारीक आहे म्हणाला, व्होल्टेज पडतं. तिघांपैकी एकानेही फ्रिज चालू असताना पाच मिनिटं उभं राहून बघितलं नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, बग रिप्रोड्यूस न करताच क्लोज केला.

मी एक्सेल शीट उघडली.

पार्किंगमध्ये घरून एक्स्टेन्शन टाकून फ्रिज चालवला. तीन तासांत 4 डिग्री. म्हणजे गॅसही आहे आणि कॉम्प्रेसरही ठणठणीत. मग एक्स्टेन्शन काढून इन्व्हर्टरवर चालवला. 5. म्हणजे वायर बारीक असेल, पण चोर ती नव्हे. मग दादाला पकडून गाडी पेणला नेऊन आणली. आई म्हणाली, "पेणला जाताय तर मी येते, पापड घ्यायचेत." निघताना 5, पेणला 13. परतताना उकडतंय म्हणून छताचा फॅन लावला, तर कामोठ्याला 17. आणि आईचं डोकं दुखायला लागलेलं.

थोडक्यात, गाडी उभी असली की फ्रिज शहाणा, चालली की वेडा. आणि फॅन लावला की जास्तच वेडा! हे माझ्या डोक्यात बसेना. गार व्हावं म्हणून लावलेल्या पंख्याने गरम कसं होईल? पुढच्या शनिवारी पुन्हा पेण, फॅन बंद ठेवून. 11. रविवारी फॅन चालू. 16. पापडांचा डबा भरला होता. आईने तिसऱ्या फेरीला यायला साफ नकार दिला, "तुझ्या गाडीत माझं डोकं उठतं."

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. फ्रिज गारवा तयार करत नाही. तो हमाल आहे. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. पूर्वी मागच्या बाजूला काळी जाळी असायची, तिच्यावर आपण मोजे वाळवायचो, आठवतंय? ती जाळी म्हणजे उष्णता टाकायची जागा. आताच्या पुष्कळ फ्रिजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्यांच्या आत दडवलेली असते. म्हणून बाजू हाताला गरम लागतात. तो बिघाड नाही, ती हमाली चालू असल्याची खूण. आमच्या गाडीत ज्याने कुणी हे इंटिरिअर केलं होतं त्याने फ्रिजच्या दोन्ही बाजूंना आणि वर प्लायवूड असं घट्ट बसवलं होतं की पोस्टकार्डसुद्धा सरकू नये. दिसायला एकदम मॉड्युलर किचन! हमालाने ओझं टाकायचं कुठे?

पण तेवढ्यानेच असतं तर पार्किंगमध्येही फ्रिज तापला असता.

चौथ्या रविवारी बाबा खाली आले. पंधरा दिवस त्यांनी गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. मी फ्रिज बाहेर ओढून रिकाम्या खोबणीत डोकं घालून बसले होते. ते म्हणाले, "सरक जरा, बाय. दादाला सांग इंजिन चालू ठेव." दहा मिनिटं गाडी नुसती रेस केली. बाबा गुडघ्यांवर बसले आणि पालथा तळहात खोबणीच्या तळावर हळूहळू फिरवायला लागले, ताप बघतात तसा. "इथे गार. इथे गार. इथे... हं."

जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला लागून असायचं. बॉनेटवर बाबा दुपारचा डबा ठेवायचे, जेवायच्या वेळेला भाजी गरम. उन्हाळ्यात डावी पोटरी भाजून निघायची. त्यांना इंजिनची उष्णता कुठून येते ते हातानेच कळतं. "सायलेन्सरचा पाइप बरोब्बर याच्या खालून जातोय," ते म्हणाले. मग त्यांनी बोटं आणखी आत घातली आणि थांबले. फ्रिजखालच्या जमिनीत जवळजवळ सहा इंचांचं गोल भोक होतं, वर जाळी मारलेली. कारागिराने फ्रिजला हवा मिळावी म्हणून पाडलेलं. बाबांनी जाळीवरून बोट फिरवून मला दाखवलं. बोट काळं झालं होतं.

"ही हवा नाय, बाय. हा धूर आहे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "म्हणजे गरम हवा येते ना, तेच तर..." बाबा म्हणाले, "आईचं डोकं कुठे बसल्यावर दुखतं?"

खरं सांगते, त्या दुपारच्या उन्हात मला थंडी वाजली.

माझ्या एक्सेल शीटमध्ये सगळं होतं. मी फक्त एक कॉलम केला नव्हता. छताचा फॅन आतली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठून तरी आत यायलाच हवी. खिडक्या बंद, दार बंद, मग उरलं ते जमिनीतलं भोक. फॅन जितका जोरात, तितकी खालची हवा आत. आणि भोकाच्या हातभर पुढे पाइपच्या जोडावरचं पॅकिंग जळून गेलेलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळंबोलीत गाडी वर चढवल्यावर दिसलं. म्हणजे आम्ही गाडी गार करायला पंखा लावत होतो आणि तो धूर ओढून फ्रिजला, आणि फ्रिजच्या शेजारी बसलेल्या आईला, पाजत होता.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं. म्हणजे आपण पित्त म्हणतो त्याची हुबेहूब कॉपी. डिझेलच्या धुरात तो पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली होती. एसी चालावा म्हणून लावलेल्या जनरेटरचा धूर जमिनीतून आत शिरला होता. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून दादाला फॉरवर्डही केली होती! आमच्याकडे जनरेटर नाही, म्हणून ती आपली नव्हे असं वाटलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दापोलीला आईला पित्त झालं नसतं तर आम्ही गाडीतच झोपणार होतो, आणि दादाला सवय आहे, फोन चार्ज करायला इंजिन चालू ठेवून पडायची.

कळंबोलीला स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकची गॅरेजेस आहेत. तिथला मिस्त्री गाडी बघून आधी हसला. मग खाली शिरला आणि हसायचा थांबला. बाबा आणि तो दिवसभर गाडीखाली होते. एक माणूस बोलला की दुसरा फक्त "हं" म्हणायचा. पाइपच्या जोडाला नवीन पॅकिंग आणि क्लॅम्प. त्या भागातल्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळून वर पत्र्याची ढाल. जमिनीतलं ते भोक पत्र्याने आणि सीलंटने कायमचं बंद, आणि जिथे जिथे वायरी, पाण्याचे पाइप खाली जातात त्या सगळ्या फटी बंद. बाबा हातात उदबत्ती घेऊन आतून एकेक कोपरा तपासत होते. इंजिन चालू, छताचा फॅन चालू, आणि उदबत्तीचा धूर कुठे हलतो ते बघायचं. मला आमच्या कंपनीतलं दोन कोटींचं टेस्टिंग टूल आठवलं.

मग फ्रिजला श्वास घ्यायला जागा. परदेशातल्या मोटरहोममध्ये कसं करतात ते मी वाचून ठेवलं होतं. तिकडच्या पुष्कळ गाड्यांत गॅसच्या ज्योतीवर चालणारा फ्रिज असतो. ऐकायला उलटं वाटतं, पण उष्णता देऊन गारवा मिळवायची ही अमोनियाची युक्ती 1922 साली स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी शोधली. आणखी एक गंमत. आइन्स्टाइननेसुद्धा फ्रिज बनवला होता! बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने एक अख्खं कुटुंब गेल्याची बातमी वाचून तो हादरला, असं सांगतात. मग लिओ सिलार्डबरोबर त्याने हलणारे भागच नसलेला फ्रिज तयार केला, 1930 साली अमेरिकेत त्याचं पेटंटही मिळालं. बाजारात कधी आला नाही तो भाग वेगळा. ही गोष्ट मी बाबांना सांगितली तर म्हणाले, "शाना माणूस."

तर, त्या गाड्यांमध्ये फ्रिजमागच्या भिंतीत दोन जाळ्या असतात, एक खाली, एक वर. गार हवा खालून येते, तापून हलकी होते, वरून निघून जाते. जमिनीतून नाही, बाजूने. आणि वरची जाळी नसेल तर खालचीचा उपयोग शून्य. आमच्याकडे मागे बाहेरून वायर जोडायची एक उभी झडप आधीपासून होती. तिचं झाकण काढून तिरप्या पट्ट्यांचं झाकण बसवलं. प्लायवूड कापून दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, वर चार इंच जागा केली. मध्ये एक पत्रा आडवा घातला, नाहीतर वर गेलेली गरम हवा आतल्या आत फिरून पुन्हा खाली येते. फ्रिजच्या खोबणीची गाडीच्या आतली बाजू सील केली. लॅमिंग्टन रोडवरून दोन बारा व्होल्टचे कॉम्प्युटरचे पंखे आणले, वरच्या पट्ट्यांमागे लावले, बाहेर तोंड करून. आणि बेडच्या उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. त्या दिवशीचा सगळ्यात स्वस्त सौदा म्हणजे ते पंखे, आणि सगळ्यात महाग म्हणजे मॉड्युलर किचन कापताना दादाचा चेहरा.

पाचवा वीकेण्ड, पेण. आई आली, मागच्याच सीटवर बसली. मी म्हटलं पुढे बस, तर म्हणाली, "मग तुला कळणार कसं?" मला रडूच आलं. छताचा फॅन चालू. अलार्मवर शून्य. जाताना 5, पेणला 6, येताना 5. आईने वाटेत दोनदा विचारलं, "आता दुखायला हवं होतं ना?" आणि पापड न घेता परत आलो, कारण डब्यात जागा नव्हती.

बाबा तरी पटकन हो म्हणाले नाहीत. त्यांनी इन्सुलिनच्या रिकाम्या व्हायलमध्ये पाणी भरून ती आठवडाभर गाडीतल्या फ्रिजमध्ये ठेवली, रोज संध्याकाळी खाली जाऊन बघायचे. शेजारच्या काकांनी सुचवलं की माठात ठेवा, आमच्या नागपूरला तसंच करतात. नागपूरच्या कोरड्या हवेत माठ जोरात पाझरतो आणि गार होतो. पण कोकणातल्या मे महिन्यात हवाच ओली, तिथे माठ बिचारा काय करणार? तरी बाबांनी एक छोटा माठ बरोबर घेतलाच. बॅकअप म्हणे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा निघालो. दापोलीला स्टॅण्डसमोर चहाला थांबलो. बाबांना ओळखणारा एक कंडक्टर भेटला, "काय साहेब, आज कुठली ड्युटी?" बाबा म्हणाले, "आज पॅसेंजर." रात्री हर्णैच्या अलीकडे एका ओळखीच्यांच्या वाडीत गाडी लावली, इंजिन बंद करून, किल्ली आईच्या पर्समध्ये. खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता.

जेवायच्या आधी बाबांनी फ्रिज उघडला. थर्मामीटरकडे बघितलंसुद्धा नाही. व्हायल काढली, गालाला लावली, पुन्हा जागेवर ठेवली.

"दादा, पहाटे उठव रे," ते म्हणाले, "मासळीचा लिलाव बघायचाय."